घोड्याच्या खुरांचं खरं माप

पाली ते विंझर रोज सकाळी दुधाचा टेम्पो चालवणारा माणूस खरं बोलू लागला तर कॅनमधलं दूध नासतं, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून डेअरीत कॅन उतरवताना मी रोज काहीतरी फेकायचो. टेम्पोच्या टपावर बसून एक बिबट्या विंझरपर्यंत आला आणि उतरताना शेपटीनं माझी मागची काच पुसून गेला, हे मी इतक्यांदा सांगितलं की काच मलाच लख्ख दिसू लागली.

त्यामुळे त्या घोड्याचं नशीबच फुटकं. साऱ्या तालुक्यात त्याचे पाय बघणारा नेमका मी निघालो.

वाटेत पुण्याच्या एका मालकाचं फार्महाऊस आहे. सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांच्या मुलांना फिरवायला तिथं पांढरा घोडा आणला होता. पुढं पाहुणे बंद झाले, घोडा राहिला. तारेच्या कुंपणापलीकडं, पत्र्याखाली, आखूड दोरीला. राखणीला एक वॉचमन. एका सकाळी टेम्पो तिथंच पंक्चर झाला. चाक बदलताना खाली वाकलो तेव्हा दिसलं, पुढचे दोन्ही खूर वाढून मोजडीच्या टोकासारखे वर वळले होते. घोडा एक पाय उचलायचा, दुसरा दुखला की तो टेकून दुसरा उचलायचा.

डेअरीत सांगितलं, "खूर दोन फूट लांब. पार गुडघ्याला टेकलेत."

दूध मापणारे आप्पा मान वर न करता म्हणाले, "आन पंख किती हायेत?"

"आप्पा, हे खरं हाय."

"व्हय की. बिबट्याबी खराच व्हता. त्यालाच लावा कामाला, कुरतडंल खुरं."

पाय घोड्याचे दुखत होते, पण लागलं मला. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून मोबाईलवर फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'वॉचमन या मुक्या जनावराला महिनाभर उपाशी ठेवून रोज मारतो.' उपाशी ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं, मारताना तर नाहीच. पण नुसतं 'खूर वाढलेत' मला फार अळणी वाटलं.

दुपारपर्यंत फाटकावर वीस जण जमले. (डेअरीत मी दोनशे सांगितले.) वॉचमन पन्नाशीचा, एकटा माणूस. त्याला शिव्या दिल्या, फाटक गदागदा हलवलं. दुसऱ्या सकाळी कुंपणाला आतून हिरवी जाळी बांधलेली. घोडा दिसेना. जिवंत आहे की नाही, तेही कळेना. त्याला मी एकटा साक्षीदार होतो, त्या साक्षीदाराचेही डोळे मीच बांधून ठेवले.

बायको म्हणाली, "बोंब मारून झाली आसंल तर डाक्टरकडं जावा. आन तिथं जरा कमी बोला."

आधी पोस्ट काढली, मग वेल्ह्याला जनावरांचा सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, तक्रार लिहून द्या. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच."

मी दोन पानं भरली. त्यांनी पेन उघडलं.

"उपाशी ठेवलेला पाहिलात?"

"न्हाई."

"मारताना?"

"मारत आसंल की."

"पाहिलंत?"

"न्हाई."

"खूर दोन फूट?"

मी हाताकडं बघितलं. "वीतभर. वर चार बोटं."

"मग वीतभरच लिहा. तेवढे वाढले तरी घोड्याचे हाल होतात. एक गोष्ट खोटी निघाली की मालक म्हणणार, सगळंच खोटं. आणि आता कुंपणाच्या आत जाऊ नका, वॉचमनशी भांडू नका. एक प्रत पोलीस ठाण्यात देते, आम्ही बघतो."

दोन पानांतून सहा ओळी उरल्या : जागा, तारीख, वेळ, खूर, दोरी, सोबत फोटो. सातवी माझ्याच्यानं लिहवत नव्हती, पण लिहिली. वॉचमनबद्दल मी ग्रुपवर लिहिलं ते मी पाहिलेलं नाही. त्या ओळीपेक्षा भरलेले चाळीस कॅन दातांनी उचलणं सोपं. तीच ओळ ग्रुपवरही टाकली.

तीन दिवस त्या जाळीसमोरून टेम्पो नेला. उतरून जाळी वर करावी असं रोज वाटायचं. चौथ्या दिवशी बाई हवालदाराला घेऊन आत गेल्या, संध्याकाळी फोन केला. घोडा जिवंत होता. वैरण-पाणी वॉचमन वेळेवर करत होता. खुरांसाठी मालकाला फोन करकरून तो दमला होता, आणि फाटकावरच्या गर्दीला घाबरून त्यानं जाळी बांधली होती. खुरांवर इलाज करायचं मालकाकडून आता लेखी घेतलं होतं. खूर एकदम कापले तर रक्त येतं, म्हणून थोडे थोडे कापायचे ठरले.

नालबंदाला नसरापूरहून आणायला टेम्पो लागणार होता, म्हणून बाईंनी मला बोलावलं. वॉचमनपुढं जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "आधी मला इचारलं आसतं, तर म्याच जवळनं फोटू काढून दिला आसता."

मी मान हलवली आणि नालबंदाला आणायला टेम्पो काढला.

तिसऱ्या छाटणीनंतर दोरी सोडली. बाई पिशवीत औजारं भरत होत्या, पाठ आमच्याकडं. "काका, किती पावलं चालला?"

"आठ. नवव्याला अडखळला."

त्यांनी वही उघडली, पण लिहिण्याआधी वळून वॉचमनकडं पाहिलं.

"आठच," तो म्हणाला.

मग त्यांनी लिहिलं.