हिरव्या पट्टीचा फ्रायर

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी नगरला सावेडीतल्या एका बर्गरच्या दुकानात कामाला होतो. ते दुकान मला आवडायचं नाही. आजही आवडत नाही. पुढचं वाचताना एवढं ध्यानात असू द्या, म्हणजे मी कुणाच्या बाजूनं बोलतोय हे शोधत बसायला नको.

दार उघडलं की सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, वेलकम सर, वेलकम मॅम. कोण आलंय ते बघायचं नाही, आधी ओरडायचं. एकदा पाण्याचा जार खांद्यावर घेऊन आलेल्या माणसाला आम्ही असं वेलकम केलं की तो दारातच थांबला आणि मागं वळून बघायला लागला, आपल्या पाठीमागनं कोण मोठा माणूस येतोय म्हणून.

मी कोल्हारचा. शाळा तिथलीच. शाळेत एकच विषय मन लावून शिकलो, मास्तरांचे आवाज काढणं. त्यापायी मार लय खाल्ला, पण शिक्षण वाया गेलं नाही. दुकानात लागल्यावर आठवड्याच्या आत मला मॅनेजर जमला.

मॅनेजर तिशीतला. पुण्यात ट्रेनिंग करून आलेला, आणि आपल्याला नगरला टाकलं ही त्याला शिक्षा वाटायची. ती शिक्षा तो आमच्यात वाटून टाकायचा. तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं बोलायचा. सुरुवातीला 'ॲक्च्युली गाईज', शेवटी 'समजतंय का', आणि मधेच पँटचा पट्टा वर ओढायचा. नावानं कुणालाच हाक नाही. मी कोल्हार, आणि भांड्यांच्या बेसिनवर जामखेडकडच्या खर्डा गावचा एक जण होता तो खर्डा. ए कोल्हार, ए खर्डा असं चाललेलं असायचं. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत एसटी लागलीय.

गिऱ्हाईक पण काही कमी नव्हतं. बंगल्यातली मंडळी आम्हाला चुटकी वाजवून बोलवायची. मी एकदा एका चुटकीला चुटकीनंच उत्तर दिलं, तर मॅनेजरनं मला दिवसभर बाथरूम धुवायला लावलं. फरशी घासताना मी आतल्या आत त्याच्याच आवाजात बडबडत होतो. मला तेवढाच आधार होता.

फ्रायरवर एक ताई होती. माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठी, ख्रिश्चन, नगरचीच. वडील शाळेत शिपाई होते. पहिल्या दिवशी मी तिला मॅम म्हणलं तर ती म्हणाली, मॅम बाहेर असतात, मला ताई म्हण. ती मला येड्या म्हणायची. माझ्या नकलांना दुकानातले सगळे हसायचे, खर्डा तर बेसिनला धरून हसायचा. ताई हसायची नाही. जाळी तेलात सोडायची, वर काढायची, झटकायची. फक्त एकदा म्हणाली, आवाज बरोबर आहे, पट्टा जरा जास्त ओढतोस.

तिच्यापुढं दोन फ्रायर होते. एकावर हिरवी पट्टी चिकटवलेली, एकावर लाल. हिरव्यात बटाटा आणि व्हेज टिक्की, लालमधे चिकन. जाळ्या वेगळ्या, चिमटे वेगळे. आमच्याकडं हे लागतंच. चिकन खाणारा माणूससुद्धा चतुर्थीला विचारतो, तेल वेगळं आहे ना. संकष्टीला आमच्या दुकानात फ्रेंच फ्राईजला रांग लागायची. बटाटा उपवासाला चालतो, मग तो लांबट कापून कागदी खोक्यात घातला तरी चालतो, असा सगळ्या सावेडीचा निकाल होता. काही बायका पर्समधे सैंधवाची पुडी घेऊन यायच्या आणि सांगायच्या, तुमचं मीठ टाकू नका हं.

तर हिरव्या पट्टीचा फ्रायर बंद पडला. दुरुस्तीवाला पुण्याहून येणार होता आणि येत नव्हता. दोनचार दिवस व्हेजचं गिऱ्हाईक चीज सँडविच आणि कोल्ड्रिंकवर भागवलं. मग संकष्टी आली. सकाळी मॅनेजर किचनमधे आला आणि ताईला म्हणाला, सगळं लालमधेच तळ. तेल तापलेलं आहे, काही कळत नाही.

ताई म्हणाली, "सर, आज उपवासवाले येतात. फ्राईज नाहीत म्हणून सांगू या."

त्यानं पट्टा ओढला. "ॲक्च्युली गाईज, तेलाला जात नसते. तळा गपचूप. समजतंय का?"

मी तिथंच बनचे खोके उतरवत होतो. वाक्य मला इतकं आवडलं की मी ते जागेवर पाठ केलं.

ताईनं दुसऱ्यांदा पण सांगून बघितलं. तर तो म्हणाला, मग घरी जा, फ्रायरवर दुसरं कुणीही उभं राहील. आणि महिनाअखेरीला तिला शिफ्टची इनचार्ज करायचं चाललं होतं, त्याची पण त्यानं मुद्दाम आठवण करून दिली. ताईनं जाळी उचलली.

दुपारी एक काकू आल्या, सोबत पाचसहा वर्षांचा नातू. कॉटनची साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज वर्गात शिकवणाऱ्या बाईंसारखा. काउंटरवर मी होतो. त्यांनी विचारलं, तेल वेगळं आहे का. मी तोंड उघडायच्या आत मॅनेजर पाठीमागनं म्हणाला, ऑफकोर्स मॅम, एकदम सेपरेट.

थोड्या वेळानं काकू खोका घेऊन परत काउंटरला आल्या. फ्राईजच्या तळाशी चिकनच्या वरच्या आवरणाचा एक तुकडा होता, तिखट, लालसर, पुरावा म्हणूनच तळल्यासारखा. त्यांनी तो टिशूवर ठेवला. म्हणाल्या, मी सकाळपासून पाण्यावर आहे, चंद्र उगवल्याशिवाय जेवत नाही, आत्ता कुठं बटाटा तोंडात टाकला, आणि हे काय आहे?

रांगेतल्या दोघीतिघींनी आपापले खोके उचकायला सुरुवात केली. एकीनं रुमाल तोंडाला लावला. मॅनेजरनं एकदा टिशूकडं बघितलं, एकदा किचनकडं, आणि आवाज बारीक करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका बारीक, म्हणाला, "सॉरी मॅम, फ्रायरवर जी मुलगी आहे ना, ती ख्रिश्चन आहे. त्यांच्यात सगळं चालतं, त्यामुळं त्यांना हे लक्षात राहत नाही. चुकून मिक्स केलं असेल."

आणि त्यानं ताईला बाहेर बोलवलं. तिच्या कानाशी वाकून काय सांगितलं ते मी अगदी शेजारी होतो म्हणून ऐकलं. सॉरी म्हण, माझी चूक झाली म्हण, विषय संपला, तुझं इनचार्जचं मी बघतो.

ताई ॲप्रनला हात पुसत उभी राहिली. सगळी रांग तिच्याकडं बघत होती. तिच्या गळ्यातल्या बारक्या क्रूसाकडं जास्त. नगर केवढं आहे हो? संध्याकाळपर्यंत हे घरी पोचलं असतं, वडिलांच्या शाळेत पोचलं असतं, की शिपायाची पोरगी उपवासवाल्यांना बाटवते. ती हळूच म्हणाली, "नोकरी गेली तर जाऊ दे. हे नाव घेऊन मी घरी जाणार नाही."

इथं मी मधे पडलो. मला वाटलं, आपल्याकडं हत्यार आहे. मी काउंटरच्या पुढं आलो, तोंडात गरम बटाटा धरला, पट्टा ओढला आणि सुरू झालो. ॲक्च्युली गाईज, तेलाला जात नसते. तळा गपचूप. समजतंय का? सकाळचं जसंच्या तसं, मधल्या श्वासासकट.

 मग काकूंचा नातू खदाखदा हसला आणि म्हणाला, अजून एकदा. मग रांगेतला एक जण हसला. मग रुमालवाली पण हसली. एकानं मोबाईल काढला. आणि सगळ्यात आधी कोण सावरलं असेल, तर मॅनेजर. तो पण हसला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि लोकांना म्हणाला, बघा, आमचा स्टाफ किती मजेशीर आहे.

संपलं. मी खरं सांगितलं होतं आणि ते गंमत होऊन बसलं. माझ्या आवाजात साधं सांगितलं असतं, काकू, हा सकाळी असं म्हणाला, तर कुणी हसलं नसतं. पण साधं बोलायची मला सवयच नव्हती. खांद्यावरचा त्याचा हात मला अजून आठवतो, गरम आणि घामट.

ताईनं माझ्याकडं एकदाच बघितलं. दूध उतू गेल्यावर आई बघते तसं. मग तिनं किचनचं अर्धं दार उघडून धरलं.

"काकू, आत या. चप्पल घालूनच या, खाली तेलकट आहे."

मॅनेजर आडवा आला. म्हणाला, कस्टमर अलाऊड नाही. पण नगरच्या काकूला किचन बघायचं असेल तर तिला थांबवणारा अजून जन्माला यायचाय. त्यांनी नातवाला माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि त्या आत गेल्या. पाठोपाठ रुमालवाली. मी नातवाला कडेवर घेऊन दारात उभा राहिलो.

ताईनं हिरव्या पट्टीच्या फ्रायरचं झाकण उचललं. तेलाचा थेंब नव्हता. आत केचपच्या पुड्यांचे गठ्ठे, टिशूची पाकिटं, आणि सगळ्यांच्या वर मॅनेजरचं हेल्मेट. निळं, आत घामाचा वास मारणारं. जागा मोकळी दिसली तशी त्यानं वापरली होती. मग ताईनं शेजारच्या लाल पट्टीच्या तेलाकडं बोट दाखवलं. बटाटा आणि चिकन एकमेकांशेजारी उड्या मारत होते.

काकूंनी हेल्मेट उचलून बघितलं, परत ठेवलं. बेसिनवर जाऊन चूळ भरली, खर्ड्यानं नळ सोडून दिला. मग त्या ताईसमोर उभ्या राहिल्या.

"तुझं नाही काही यात, पोरी."

हे त्या बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. ताईला तेवढंच पाहिजे होतं. मला वाटलं आता त्या तिच्या डोक्यावरून हात फिरवतील. पण काकू कसल्या सोडतायत. लगेच म्हणाल्या, "पण तू तरी कशाला तळत होतीस? सकाळी तोंड नव्हतं का?"

"होतं. दोनदा वापरलं," ताई म्हणाली. "आमच्यात पण उपवासकाळ असतो, काकू. मला माहीत आहे मोडल्यावर काय वाटतं."

काकूंनी खोचलेला पदर सोडला. जाताना मॅनेजरकडं न बघता त्याला ऐकवून गेल्या, की हेल्मेट तेवढं नीट तळा. नातू मात्र माझ्याकडं बघून म्हणाला, काका, अजून एकदा.

दुसऱ्या दिवशी ताईला काढलं. खोटं बोलली म्हणून नाही, तेल मिसळलं म्हणून पण नाही. बाहेरच्या माणसाला किचनमधे घेतलं म्हणून. असा नियम खरंच होता, इंग्रजीत, भिंतीवर लावलेला. मॅनेजरला काही झालं नाही. दुरुस्तीवाला मात्र पुण्याहून चटकन आला.

आणि मला त्यानं केबिनमधे बोलवून सांगितलं की माझ्यात टॅलेंट आहे, रविवारच्या बर्थडे पार्ट्यांना माईक माझ्याकडं. पोरांना हसवायचं, आवाज काढायचे. "माझा पण काढ," तो म्हणाला, "आय डोन्ट माइंड."

त्याला माइंड नव्हतं, हेच मला लागलं. मी टोपी त्याच्या टेबलावर ठेवली. ॲक्च्युली गाईज, नाही जमणार, समजतंय का, असं म्हणून निघालो. दारातनं बाहेर पडताना काउंटरवरचे सवयीनं ओरडले, वेलकम सर.

घरी वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "लई बरं झालं. कपड्याला वास यायचा." 

ताई नंतर माळीवाड्याच्या स्टँडवर भेटली. एका चष्म्याच्या दुकानात लागली होती. तिथं बसायला खुर्ची आहे, म्हणाली. मी तिला खूश करायला गेलो आणि मॅनेजर काढला, पट्टा बेतानं ओढून. ती हसली नाही.

"जमतोय तुला," ती म्हणाली. "पण त्या दिवशी तो पण हसला होता ना येड्या."

त्यानंतर मी त्याची नक्कल सोडून दिली, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. सोडलेली नाही. लग्नात, हॉस्टेलवर, कुणी म्हणलं की करतो. लोक हसतात. पूर्वी मी तिथं थांबायचो. आता थांबत नाही. त्यांचं हसून झालं की साध्या आवाजात पुढचं सांगतो, झाकण उघडून हेल्मेट दिसेपर्यंत. मग फारसं कुणी अजून एकदा म्हणत नाही.