ओढ्यातलं माहेर

चार परके बैल एक मोडकी मोटार ओढत आष्टीत शिरले, तेव्हा तुळजाबाई शेणकूट थापत होती. गलका ऐकून ती रस्त्यावर आली, तर मोटारीत पुढं बसून तिचा नवरा हसत होता.

सरकारनं प्रवाशांच्या मोटारी आपल्याकडं घेतल्यापासून खासगीवाल्यांच्या गाड्या जालन्यात दारोदार गंजत पडल्या होत्या. त्यातली एक भुजंगनं उचलली होती, आणि बदल्यात दावणीची जोडी देऊन आला होता.

"बैल देऊन हे आणलं?" तुळजाबाईच्या हातातलं शेण तसंच राहिलं. "आता औताला मला जुंपता का?"

"अगं, चाकावरचं घर करायचं हाये! अंबडच्या देवीला जाऊ, येरूळला जाऊ. कुणाच्या ओसरीवर पडायला नको."

"हाये ते घर गळून राह्यलंय, ते बघा आधी."

पण ऐकतो कोण? सासूबाई साळूबाई तर कधीच आत चढून बसल्या होत्या. मच्छिंद्र सुतारानं बाकडी उपटली आणि झोपायला बिजागरीच्या फळ्या ठोकल्या. पहिल्याच दिवशी एक फळी मिटली आणि भुजंग तिच्यात अडकला. साळूबाईंनी मागल्या अंगाला मातीची चूल मांडायला लावली. तिचा धूर पुढून निघेना, मागूनही निघेना. छताला भोक पाडलं तर त्यातून पाऊस आत. खिडक्यांना लावायला तुळजाबाईची दोन धड लुगडी गेली, तीही न विचारता. ती चिडून बोलायची आणि भुजंग मान डोलवून दुसरंच काही ठोकत बसायचा.

जालन्याच्या मिस्त्रीनं इंजन सुरू करून दिलं आणि नवरात्रात मंडळी अंबडला निघाली. दुधासाठी शेळीसुद्धा आत बांधली होती. पहिल्याच खड्ड्यात पाण्याचा माठ फुटला, दुसऱ्यात चूल तडकली. घनसावंगीच्या अलीकडं एका ओढ्यात चाकं रुतली. इंजन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

"थंड झालं की बराबर चालू होतं," भुजंग म्हणाला.

इंजन थंड झालं, सकाळही झाली. गाडी हलली नाही. आजूबाजूच्या गावांतून माणसं बघायला येऊ लागली. तुळजाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांची लेक नंदाबाई तिथून कोसभरावर दिलेली होती. पहिलटकरीण, सातवा सरत आलेला. भुजंग तिला माहेरी आणायला दोनदा मुळी म्हणून गेला होता, दोन्ही वेळा विहीणबाईंनी कापूस वेचायला माणूस न्हाई म्हणून परत लावलं होतं. आता व्याही वाटेत अडकलेले सगळ्या शिवारानं पाहिले, तेव्हा लाजेकाजेस्तव त्यांनी सुनेच्या डोक्यावर भाकरीची पाटी देऊन तिला धाडलं.

नंदा पाणी तुडवत आली. तुळजाबाईनं पाटी उतरवून घेतली आणि लेकीच्या पायांकडं पाहिलं. ते सुजून टरटरले होते.

"वेचायला जातीस?"

"रोजच जाऊन राह्यले, माय." एवढं म्हणून नंदा फळीवर बसली आणि बसल्या बसल्याच तिला झोप लागली. तुळजाबाई तिच्या पायांवरून हात फिरवत राहिली. त्या रात्री तिनं लेकीला परत जाऊ दिलं नाही.

सकाळी विहीणबाई तरातरा आल्या. "सून पाठवा. वेचणी पडली हाये."

दोन दिवसांचा धूर, चिखल, शेळीची घाण आणि नवऱ्याचं हसणं हे सगळं तुळजाबाईच्या घशाशी आलं होतं. ते बाहेर पडलं भलत्याच माणसावर. ती मोटारीच्या दारात आडवी उभी राहिली.

"लेक बाळंतपणाला माहेरी आली हाये. आता पाठवायची कधी ते आम्ही बघू."

"तुमचं माहेर आष्टीला. हे ओढ्यात कुठलं माहेर?"

"माझी चूल हितं, अंथरूण हितं, सासू हितं. बिलकुल न्हाई पाठवत!"

पुढं बसलेल्या साळूबाईंनी तेवढ्यात भोंग्याचा रबर दाबला. विहीणबाई दचकून ओढ्याच्या घोटाभर पाण्यात मागं सरल्या. बघणारे हसले. विहीणबाई ओलं लुगडं आवरत आल्या वाटेनं परत गेल्या.

दुपारी जावई मान खाली घालून दोन बैलजोड्या घेऊन आला. बैलांनी मोटार बाहेर काढली ती आष्टीच्याच दिशेला. नंदा फळीवर निजून होती. अंबडची देवी राहूनच गेली.

पौषात नंदाला मुलगी झाली. भुजंगनं इंजन विकलं, त्यात एकच बैल आला आणि पुढची दोन वर्षं शेजाऱ्याचा बैल जोडीला घेऊन पैऱ्यावर शेत करताना तुळजाबाईनं नवऱ्याला रोज ऐकवलं. मोटार गोठ्याशेजारी पडून राहिली, तिच्यात कडबा भरला. गावात कुणी म्हणायचं, "मोटारीमुळं पोर घरी आली बघा," तर तुळजाबाई फणकारायची, "मोटारीमुळं? ती तर बंद पडली होती!"