तांबड्या पेन्सिलीची प्रत

लेक उद्या सकाळी दहा वाजता त्या कागदावर सही करणार, या विचारानं आईचं दुपारपासून कशात लक्ष नव्हतं. आणि सही कर म्हणून सांगितलं कोणी? तिनंच. "करून टाक आणि मोकळी हो," असं म्हणून तिला पाठवलं होतं.

लेक पस्तिशीची. गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन एकटी राहायची आणि रविवारी दुपारी आईवडिलांकडे यायची. परीक्षा घेणाऱ्या एका कंपनीत अकरा वर्षं ती इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न तपासत होती. प्रश्न काढणारे वेगळे. ही उत्तर न बघता प्रत्येक प्रश्न सोडवायची आणि कुठे दोन उत्तरं बरोबर येत असतील तर तांबड्या पेन्सिलीनं खूण करायची. ऑफिसात तिला सगळे भिंगबाई म्हणत.

इंग्रजीतल्या उपमांवर तर तिचा खास डोळा. काकडीसारखा शांत, घुबडासारखा शहाणा. "आई, पोरांनी जन्मात शहाणं घुबड पाहिलेलं नसतं गं," ती म्हणायची. "एकानं घुबडासारखा अशुभ असं लिहिलं, त्याचा मार्क कापला. त्याचं काय चुकलं?" त्या मार्कासाठी तिनं दोन पानी टिपण लिहिलं होतं. वडिलांचं काकडी हे नावही तिनंच ठेवलेलं. छप्पर गळो की गॅस संपो, त्यांचं आपलं एकच, "होईल सगळं नीट."

परक्या पोरांसाठी अशी कागदावर भांडणारी ही बाई, स्वतःवर वेळ आली की तोंडात गुळणी धरून बसायची. आज दुपारी आली तेव्हाही तशीच बसली होती. डोळे सुजलेले, कपातल्या चहावर साय धरलेली.

झालं होतं ते असं. मागच्या परीक्षेत एक प्रश्न होता. डॉक्टरनं शेजाऱ्याला सांगितलं, की त्याची किल्ली हरवली आहे. किल्ली कोणाची? कंपनीचं उत्तर, शेजाऱ्याची. शेकडो उमेदवार खवळले, डॉक्टरची का नाही म्हणून. निकाल थांबला, बातमी छापून आली, आणि वरच्यांना खापर फोडायला एक डोकं हवं झालं. प्रश्न तपासला म्हणून खाली सही भिंगबाईची होती.

"मी खूण केली होती गं," लेक म्हणाली. "साहेबांना प्रत नेऊन दाखवली होती. आता म्हणतात, अशी प्रत कधी नव्हतीच. सगळी कपाटं उपसली मी. शिपाईमामा म्हणाले, परीक्षा झाल्यावर रद्दी काढून टाकली."

"मग आता?"

"माझ्या निष्काळजीपणामुळे चूक झाली, असं लिहून तयार ठेवलंय. उद्या दहाला सही करायची. केली तर नोकरी राहील, पण फायलिंगच्या टेबलावर. तपासायचं काम पुन्हा नाही. इथे नाही, आणि दुसरीकडेही कोण देईल?"

तेव्हाच आई ते 'करून टाक' बोलून गेली. लेकीनं मान हलवली, पिशवी उचलली आणि बाजार करून मग बस पकडते म्हणून गेली.

संध्याकाळी आईनं लाँड्रीला द्यायच्या कपड्यांची यादी काढायला ड्रॉवर उघडला. घरात वह्या कधी विकत आणल्याच नव्हत्या. शिपाईमामा दर परीक्षेनंतर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा सुतळीनं बांधून लेकीच्या हातात देत, "तुझ्या आईच्या याद्यांना," म्हणून. लेक तो न सोडताच आणून टाकायची. आईनं वरचा कागद ओढला. त्यावर मागच्याच महिन्याची यादी होती, चादरी चार, अभ्रे सहा. फाडून टाकावा म्हणून तिनं तो उलटा केला.

मागे छापलेलं होतं. डॉक्टर, शेजारी, किल्ली. बाजूला तांबड्या पेन्सिलीनं, लेकीच्या बारीक अक्षरात, "किल्ली दोघांपैकी कोणाचीही असू शकते. प्रश्न बदलावा." आणि त्याखाली निळ्या शाईत, ऐसपैस अक्षरात, "वेळ नाही. आहे तसं जाऊ दे." साहेबांची सही. तारीखसुद्धा.

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या हातानं लिहून तो माणूस शर्टाची घडी न मोडता खुर्चीत बसलाय, आणि निष्काळजी कोण, तर ही! महिनाभर हा कागद आपल्या ड्रॉवरमध्ये, आणि आपण त्याच्या पाठीवर अभ्रे मोजतोय!

"अहो, हे वाचा."

वडिलांनी चष्मा लावून वाचलं, कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "असं आहे तर. पण अगं, आता कशाला चिघळवायचं? नोकरी राहतेय ना तिची? होईल सगळं—"

"काही होणार नाही नीट! काकडी मेली! पस्तीस वर्षं तेच ऐकतेय. तिच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, तुमची मुलगी गाईसारखी गरीब, आणि मी आपली फुलून घरी यायचे. तेव्हाच म्हणायला हवं होतं, गाय नकोय मला. आता बघा, कोणीही उठतो आणि दावं बांधतो. आणि दुपारी तर मीच बांधून दिलं."

वडिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "साहेबाला फोन करणार आहेस का?"

तिच्या मनात तेच होतं. त्या माणसाला असं झापावं की त्याचे कान आठवडाभर वाजत राहावेत. पण मग उद्या दहा वाजता त्या टेबलासमोर पुन्हा लेक मान खाली घालूनच बसली असती, आई भांडून गेली म्हणून आणखी खाली.

"नाही," ती म्हणाली. "त्याच्याशी ती बोलेल. कागद तिचा आहे."

तिनं तो कागद टेबलावर सपाट केला, अभ्र्यांची बाजू खाली. वर पाण्याचा तांब्या ठेवला, उडू नये म्हणून. काय बोलायचं ते मनात जुळवून पाहिलं. कागद सापडला, हे नंतर. आधी हे, की दुपारी मी चुकीचं सांगितलं, सही करू नकोस.

"बसमध्ये असेल गं ती अजून," वडील म्हणाले.

"असू दे. बसमध्ये ऐकेल," आई म्हणाली आणि तिनं फोन उचलला.