संघप्रियाचा डावा हात

धुकं अजून उसाच्या शेंड्यावरनं उठलं नव्हतं. गळीत हंगाम सुरू झालेला, त्यामुळं साऱ्या कसबा बावड्यात मळीचा आंबूस वास. तानूबाई हौदापाशी वाकळ, जुन्या लुगड्यांची जाड गोधडी, धोपटत होती. भिजलेली वाकळ एकटीला पिळत नाही. तरी तिनं घरात हाक मारली नाही. घरात फक्त लेक होती, आणि संघप्रियाच्या हातांना काम सांगायची या घरात पद्धत नव्हती.

नव्वद साली, चार वर्षांची असताना, पोरीनं बापाच्या पेटीवर भीमजयंतीची गाणी वाजवली. बाप जयसिंग साखर कारखान्यात कामाला आणि जयंतीच्या गाण्यांना पेटीवर. शिकवलं कुणीच नव्हतं. पुढं शहरातल्या एका शाळेच्या बाईंनी तिला पियानोपुढं बसवलं, तर उजवा हात वाजवायचा आणि डावा आपला हवेतच पुढं-मागं, भाता मारल्यागत. बाई म्हणाल्या, "अगं, याला वारा घालावा लागत नाही." मग तो मोकळा झालेला डावा हात असा काही पळाला, की पोरगी मुंबईला गेली, तिथनं परदेशात. मोठमोठी सभागृहं भरायला लागली, पेपरात फोटो यायला लागले. सुट्टीला आली तरी तानूबाई तिला विळीला शिवू द्यायची नाही. "लेकीची बोटं लोणच्यागत बरणीत घालून ठेवल्यात," म्हणून गल्ली हसायची.

एवढं जपलं आणि यंदा परमुलखात बर्फावर पाय घसरून डावं मनगट मोडलं. हाड सांधलं, प्लास्टर निघालं. पण संघप्रिया कशाला बोट लावत नव्हती. पुढच्या महिन्यात कार्यक्रम. वाजवलं आणि कळलं, की हात गेला, तर? त्यापेक्षा न बघितलेलं बरं, असं तिचं चाललं होतं.

तानूबाईनं वाकळ तशीच टाकली. हात पुसले, घरात येऊन फळीवरची पेटी खाली काढली.

"वाजीव."

"आई, डाव्या हातानं भाता मारायचा असतोय. मग डावा कसा बघू?"

"भाता मी मारती. तू दोन्ही हात घाल."

"आणि चुकलं तर तुला काय कळणार हाय?"

"सूर न्हाय कळत. लंगडं जनावर कळतंय की. गोठ्यात जलम गेला माझा."

संघप्रियानं सुरुवात केली. करंगळी दोनदा अडखळली. तानूबाई खाली मान घालून भाता मारत राहिली. पेटीला वारा मिळत होता, तिचा स्वतःचा श्वास तेवढा अडकलेला. मग डावा हात उजव्याच्या पुढं गेला, मागं आला, परत उधळला, दावं सुटलेल्या वासरागत.

संघप्रिया थांबली आणि आईच्या तोंडाकडं बघत राहिली.

"आंबलाय," तानूबाई म्हणाली. "लंगडत न्हाय."

पोरीला आधी हसू आलं, मग रडू. आईच्याच पदराला नाक पुसून ती उठली, सरळ हौदाकडं गेली आणि वाकळीचं एक टोक उचललं. "ठेव ते खाली" तानूबाईच्या ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"उजव्यानं धर. नुसती धरून ऱ्हा, पिळती मी."

वाकळीचं गार पाणी दोघींच्या पायावर पडायला लागलं. तानूबाई पिळता पिळता खेकसली,

"घट्ट धर की गं, सुटाय लागली."