इंजिनावरचा नंबर

मी बसणार तेवढ्यात त्यानं सीटवर वर्तमानपत्र अंथरलं. दोन पानं, नीट, कोपरे दाबून. मग म्हणाला, "बस."

माझे कपडे स्वच्छ होते. हात धुतलेले होते. त्या सीटचं कातडं मीच महिनाभर हिंडून जुळवलं होतं. बसवलंही मीच. गिअरचा आवाज ऐकायला मला शेजारी बसायचं होतं. ओट्यावर त्याची बायको, भाऊ, दोन पाहुणे उभे होते. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मी बसले. कागद चुरचुरला. मी बसले, हे मला आजही जाळतं.

तो यावलकडचा मोठा केळीवाला. आम्ही धुळ्याचे, बौद्ध. साक्री रोडला माझ्या वडिलांचं, आबांचं, गॅरेज. मी आयटीआय केलं, आबांचा हात थरथरायला लागला तेव्हापासून पाना माझ्या हातात. जुन्या विलायती गाड्या खोलणारं आमच्याशिवाय जवळपास कुणी नाही. म्हणून तो आमच्या दारात आला.

गाडी त्याच्या आजोबांची. पन्नास वर्षांहून जुनी. व्हिंटेज म्हणून तिची नोंदणी करायची होती. त्यासाठी गाडी मूळ रूपात आहे हे दाखवावं लागतं. त्याला एवढ्यावर भागवायचं नव्हतं. अशी गाडी खान्देशात दुसरी नाही, हेही कागदावर सिद्ध करून हवं होतं.

ते सिद्ध मी केलं. जुनं आरसी बुक, त्याच्या आजोबांचे फोटो, सांगाड्यावरचा नंबर, दारामागची पितळी पट्टी. ठिकठिकाणच्या हौशी लोकांना पत्रं लिहिली, फोन केले. चार महिन्यांत फाईल जाडजूड झाली. गाडी खरंच दुर्मीळ निघाली. त्या दिवशी मला माझा अभिमान वाटला होता.

फाईलवर त्यानं स्वतःचं नाव घातलं. पाहुण्यांना म्हणाला, "अशी गाडी ओळखायला घराणं लागतं." मी तिथंच होते, बॉनेटमध्ये वाकलेली.

अडचण एकच होती. आजोबांनीच कधीतरी मूळ इंजिन काढून जीपचं डिझेल इंजिन टाकलं होतं. मूळ इंजिन भंगारात गेलं. यानं कुठून तरी त्याच जातीचं दुसरं इंजिन आणलं. पण त्यावरचा नंबर वेगळा. बुकातला वेगळा.

त्यानं मला शेडमध्ये बोलावलं. म्हणाला, हा नंबर घासून टाक, बुकातला ठोक. मी म्हटलं, हा गुन्हा आहे. तो हसला.

"तुमच्या लोकांचे हात अशाच कामाला असतात."

मी आधी मोबाईलवर इंजिनाचे फोटो काढले, नंबर स्पष्ट दिसेल असे. कामाआधी फोटो काढायची आमची रीतच. मग पाने पिशवीत भरले आणि यावलहून मिळेल त्या बसनं निघाले.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू हात लावू नको, बेटा. आकडा घसाई जास, पन लोखंड इसरत नही." आणि समजावलं की घासलेल्या जागी आम्ल लावलं की जुना आकडा वर येतो.

नंबर त्यानं दुसऱ्याकडून ठोकून घेतला. तपासणीच्या दिवशी मात्र मला जळगावला बोलावलं, कारण मेकॅनिकच्या दाखल्यावर सही माझी हवी होती. मी नकार दिला नाही. मला जायचंच होतं.

आरटीओच्या आवारात समितीचे तिघे साहेब फाईल चाळत होते, कौतुक करत होते. एकानं विचारलं, काम कुणी केलं? त्यानं माझ्याकडे न बघताच अंगठा मागे केला. "ही आमची मिस्त्रीण."

साहेबांनी मला विचारलं, "इंजिन मूळचं आहे?"

"नाही, साहेब. नंबर घासून ठोकलाय. हा आधीचा फोटो."

मोबाईल तिघांच्या हातांतून फिरला. मी फोटो बघत नव्हते, त्याचा चेहरा बघत होते. तो कसा उतरत गेला ते मी शेवटपर्यंत बघितलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "तुला धुळ्यात गॅरेज चालवायचंय ना?"

"चालवायचंय. म्हणूनच बोलले."

सही न करता मी दाखला त्याच्यासमोर फाडला. नोंदणी अडली. इंजिन तपासणीला गेलं. त्याच्या गोतावळ्यातल्या गाड्या आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. नंतर त्यानं गावातल्या एका वडीलधाऱ्या नानांना पाठवलं. ते म्हणाले, बघण्यात चूक झाली एवढं लिहून दे, तो तुझी माफी मागेल, चार भिंतींच्या आत. मी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि परत पाठवलं. शेजारचे म्हणतात, झालं गेलं सोड. मी सोडलेलं नाही.

आता पोलिसांकडून जबाबाला बोलावणं येईल. मी जाईन. दहा वेळा बोलावलं तर दहा वेळा जाईन. माझं पूर्ण नाव सांगेन. नंबराचं सगळं सांगेन. आणि ते लिहायचे थांबले की म्हणेन, थांबू नका साहेब. माझ्या लोकांच्या हातांबद्दल तो काय बोलला, तेही लिहा. त्याच्याच शब्दांत लिहा. मग मला वाचून दाखवा. त्याखाली मी सही करीन.