वाराची गोळी

खरं सांगू? लतिकाबाईला मी दोनदा दारातनंच परत लावलतं.

माझा धाकटा भाऊ मष्णू. त्याला डोक्याचा आजार. गोळ्यांवर तीन वर्सं चांगला होता, शेत बघत होता. यंदा गावची यात्रा जवळ आली आणि परत बिघडला. दिसभर बडबड, एकदा तर शेजारच्या परशरामावर कोयता घेऊन धावला. गाव म्हणलं, "जयाक्का, बांधून घाल त्याला." मी खानापुरातनं साखळी आणली. रडत आणली, पण आणली.

आणि ही लतिकाबाई, मष्णूच्या डॉक्टरनं धाडलेली अनगोळची नर्स, आमच्या गुंजीच्या स्टेशनात उतरून दारात हजर! मी खेकसले, "डॉक्टर का आला न्हाय? सुई टोचणारी येऊन काय उजेड पाडणार?"

बाई हलली न्हाय. म्हणली, "आक्का, चार वर्षं नर्सिंग शिकले, वर दोन वर्षं नुसत्या मनाच्या आजारांचं एम.एस्सी. औषध बदलणं डॉक्टरांचं काम. ते लागू का पडंना, हे घरात येऊन हुडकणं माझं. साखळी आठवडाभर थांबवा."

लई चिवट! तिसऱ्या खेपेला आत घेतलं. तासभर मष्णूसंगं बोलली. झोप येती का, जेवण जातंय का, कानात कोण बोलतंय का, समदं इचारलं. मग गोळ्यांची पाकिटं बघितली.

"डॉक्टर गोळी वाढवणार होते. पण हितं सहा गोळ्या शिल्लक कशा?"

माझं तोंड एवढंसं झालं. यात्रेआधी गाव वार पाळतंय. पाच आठवडे मंगळवारी-शुक्रवारी कुणी शेतात जात न्हाय, कुऱ्हाड उचलत न्हाय. देवीचा कोप नको म्हणून वाराला मी त्याची गोळीबी बंद ठेवलती.

मला वाटलं, आता ही झाडणार. तिनं इचारलं, "वाराला चूल पेटते?"

"पेटती की."

"मष्णूअण्णा जेवतात?"

"व्हय."

"मग गोळी कामात कशाला धरता? जेवणात धरा."

पदरात तोंड घालून रडले मी. देवी कशाला कोपतीया? भावाला मीच बिघडवलतं.

तिनं तिथनंच डॉक्टरला फोन लावला. गोळी वाढली न्हाय. मंगळवारी मी भाकरीवरच ठेवली.

"आक्का, आज वार हाय न्हवं?"

"व्हय रं. गिळ माझ्या म्होरं."

बाई दर आठवड्याला येत राहिली. महिन्यानं मष्णू परत शेतात जाया लागला. एक दिवस माळ्यावरनं ती साखळी त्याच्या हाताला लागली.

"आक्का, ही कुणासाठी गं?"

"म्हशीसाठी," म्हणलं. तेवढं खोटं देवीनं पदरात घ्यावं.