आठ दिवसांनी आवळायचे नट

शिनोलीच्या कुशाबा मिस्त्रीला बोलायची भारी हौस, आणि शहाण्णव साली ऐकायलाच कुणी उरलं नव्हतं. बायको लंकाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. भीमाशंकरच्या जीपा गॅरेजसमोर थांबायच्या त्या हवा भरण्यापुरत्या. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही.

म्हणून घोडेगावच्या नेमीचंद शेठची जुनी फियाट लोकांनी ढकलत आणली, तेव्हा त्याला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला? रेडिएटर कोरडा असताना शेठने चढावर गाडी दामटली होती. इंजिनाच्या हेडखालचं गॅस्केट उडालं होतं, पाणी ऑइलमध्ये शिरून त्याचा दुधाळ चहा झाला होता. हेड मंचरला लेथवर घासून येईस्तोवर दोन दिवस गेले. कापडाचं दुकान नोकरावर टाकून शेठ रोज एसटीने यायचे, बाकावर बसायचे आणि गुडघेदुखीपासून सगळं सांगायचे. लंकाबाईच्या आजारपणाविषयी कुशाबाही पहिल्यांदाच कुणाशी बोलला.

तिसऱ्या दिवशी नवं गॅस्केट बसवलं. मधल्यापासून कडेला असे हेडचे नट आवळत जाताना त्याचा हात थबकला. आठ दिवसांनी ते पुन्हा आवळायची रीतच होती, पण पहिल्यांदाच पक्के बसले तर शेठ कशाला येतायत? त्याने प्रत्येक नट जरासा सैल ठेवला. तीस वर्षांत असलं पाप त्याने केलं नव्हतं.

"आठ दिसांनी यायचंच बरं का शेठ. न्हाईतर गाडी तापंल," त्याने बजावलं.

आठवा दिवस गेला, नववाही गेला. दहाव्या दिवशी त्याला धीर धरवेना. पाना पिशवीत टाकून त्याने घोडेगाव गाठलं.

"ते काल गाडी घेऊन पुण्याला गेले, लेकाकडे," शेठाणी पानबाई म्हणाल्या.

सैल नटांवर गाडी एवढ्या लांब गेली होती. लेकाच्या घरचा नंबर घेऊन त्याने समोरच्या एसटीडी बूथवरून फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि त्याच्या मनात नाही नाही ते येत राहिलं.

"अरे कुशाबा! सुखरूप पोचलो," शेठ म्हणाले. "खेडपाशी तापली खरी, पण तिथं एक मिस्त्री भेटला. नट सैल पडलेत म्हणाला, आवळून दिले. लई बोलका माणूस! दुपार कशी गेली कळलंच नाही. आता तिथंच दाखवीन गाडी. तुला कशाला सारखा त्रास?"

"बरं झालं," कुशाबा म्हणाला. "शेठ, ते नट म्याच सैल ठिवलं व्हतं. तुमी परत यावं म्हणून."

पलीकडून नुसता टूं टूं आवाज येत होता. शेठने फोन केव्हाच ठेवला होता.